गाठीचा निकाल येईपर्यंतचे अठरा दिवस

३ ऑगस्ट २०२५, रविवार. डोक्याला तेल लावत होते आणि मानेच्या उजव्या बाजूला, कानाच्या खाली चार बोटांवर, बोट अडखळलं. मी ठाण्यात चरईत ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. अस्तराखाली कुठे शिवण गोळा झाली असेल तर ती मला डोळ्यांआधी बोटांना कळते. त्याच बोटांना ही गाठ लागली आणि मग बोटं तिला सोडेनात. संध्याकाळी मी ती टेपने मोजली. पाऊण इंच. झोपण्याआधी परत मोजली. रात्री दीड वाजता न्हाणीघरातल्या आरशासमोर परत.

निकाल आला २० ऑगस्टला. त्यातले पहिले पाच-सहा दिवस मी फार वाईट काढले, उरलेले बरे काढले. दोन्हींत गाठ तीच होती, भीतीही तीच होती. बदललं ते मी दिवसभरात काय करत होते तेवढंच. तुमच्या मानेत, काखेत किंवा जांघेत अशी गाठ लागली असेल, डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या असतील आणि तुम्ही वाट बघत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी डॉक्टर. ही पायरी कुणी गाळू नका. काही जण सारखे दवाखान्यात जातात आणि काही जण भीतीपोटी जातच नाहीत, रिपोर्ट आणायलाही जात नाहीत. दोघांच्या पोटात एकच गोळा असतो. मी सोमवारी सकाळीच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गाठ चाचपली आणि मग माझे दात बघितले, घसा बघितला, कानात बॅटरी घातली, केस बाजूला करून डोक्याची कातडी बघितली. मला कळेना की गाठ मानेत आणि हे डोक्यात काय शोधताहेत. त्यांनी सांगितलं तेव्हा मला आजी आठवली. लहानपणी पायात काटा मोडून पिकला की जांघेत गाठ यायची. आजी म्हणायची, "अवधाण आलंय. काटा काढा, अवधाण आपोआप बसेल." डॉक्टर तोच काटा शोधत होते. अंगात अशा लसिका ग्रंथी सुमारे सहाशे असतात, आणि ज्या भागात जंतू शिरतात त्या भागाजवळच्या ग्रंथी सुजतात. किडलेली दाढ, घशाचा संसर्ग, डोक्यातला फोड, व्हायरल ताप, अशी पुष्कळ कारणं. बहुतेक गाठी अशाच असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बसतात.

माझ्या बाबतीत काटा सापडला नाही. शिवाय एकीला लागून दुसरी गाठ होती, दोन्ही घट्ट आणि एकमेकींना चिकटल्यासारख्या. म्हणून त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि मानेची सोनोग्राफी लिहून दिली. उठता उठता मी चार गोष्टी विचारायला हव्या होत्या. त्या दिवशी सुचल्या नाहीत, तुम्ही विचारा. तपासणी कधी? रिपोर्ट किती दिवसांत? तो वाचून मला कोण सांगणार? आणि मधे काय झालं तर वाट न बघता यायचं? उत्तरं तिथेच कागदावर लिहून घ्या. घरी आल्यावर डोकं त्यांत भर घालतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर मिळालं ते इथे देते. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, चेहऱ्यावर सूज आली, गाठ दोन-चार दिवसांत झपाट्याने वाढली, वरची कातडी लाल होऊन पू धरायला लागली, जोराचा ताप उतरेना, तर तारखेची वाट बघायची नाही. गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ असेल तर तीही लवकर दाखवायची असते. यांतलं काही नसेल तर मिळालेली तारीख पुरेशी असते, आणि डॉक्टरांनी ती विचार करूनच दिलेली असते. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

बोटांना आवरणं

शुक्रवारी, ८ तारखेला, सोनोग्राफी झाली. दारावर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी, आत गार खोली, मानेवर गार जेल, दहा मिनिटांचं काम. रिपोर्ट तासाभरात हातात आला आणि मी तो रिक्षात बसूनच वाचला. हायलम (ग्रंथीच्या मधला चरबीचा भाग) दिसत नाही, गाठी एकमेकींना चिकटलेल्या, सगळ्यांत मोठी २.४ सेंटिमीटर, सुईची तपासणी करावी. घरी येईपर्यंत मोबाइलवर मी स्वतःला मारूनही टाकलं होतं. त्या रात्री अडीच वाजता मी टेप घेऊन परत आरशासमोर उभी होते. आमचे हे उठून आले, काही बोलले नाहीत, टेप माझ्या हातातून घेतली आणि १४४१६ लावून फोन माझ्याकडे दिला. त्यांच्या कारखान्यात भिंतीवर तो नंबर लावलेला आहे. टेली-मानस, सरकारची मोफत मदतवाहिनी, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिवसातून किती वेळा हात लावता?" मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "उद्या मोजा. गाठ नको, हात लावणं मोजा."

दुसऱ्या दिवशी राखी पौर्णिमा होती. मी खडूने कापडाच्या तुकड्यावर रेघा ओढत गेले. दुपारी दोनपर्यंत एकतीस रेघा झाल्या. त्या एकतीस रेघा बघून मला पहिल्यांदा रडू आलं, आणि मग बरं वाटलं. गाठ संध्याकाळी का ठणकते, तिच्या भोवतीची कातडी का लाल होते, याचं उत्तर समोरच होतं. सतत दाबलेली जागा हुळहुळी होणारच. मी तिला दुखवत होते आणि मग ती दुखते म्हणून घाबरत होते.

"हात लावू नको" असं स्वतःला सांगून हात थांबत नाही. मला जे उपयोगी पडलं ते असं. मी दिवसभर उजव्या तर्जनीत अंगुस्तान घालून ठेवलं. बोट मानेकडे गेलं की कातडीला गार पत्रा लागायचा आणि मी जागी व्हायचे. त्या बोटाने गाठ नीट कळतही नाही. दुसरं म्हणजे मोटर बंद करून हातशिलाईची कामं पुढे काढली. हुक लावणं, काज करणं, साडीला फॉल. ज्याला शिवण येत नाही त्याने मटार सोलावेत, लसूण सोलावा, मुलांच्या वह्यांना कव्हरं घालावीत. दोन्ही हात लागतील असं काम हवं. तिसरं म्हणजे रोज मोजायचं नाही, आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी अंघोळीनंतर. कापड ओढून धरलं की अर्धा इंच वाढतं आणि सैल सोडलं की आक्रसतं, हे मला धंद्यात माहीत होतं. मानही वळवली की गाठ वेगळी लागते. रोजच्या मोजण्यात जो फरक दिसतो तो गाठीतला कमी आणि हातातला जास्त. खरं माप डॉक्टर आणि सोनोग्राफीचं यंत्र घेतं.

वजनाचंही तसंच. मी स्टेशनबाहेरच्या काट्यावर, मग वाण्याकडच्या काट्यावर, मग मैत्रिणीकडच्या काट्यावर उभी राहिले. तीन काटे, तीन आकडे, आणि प्रत्येक वेळी पोटात खड्डा. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी, सारख्याच कपड्यांत. रात्रीच्या घामाबद्दलही डॉक्टर विचारतात. ऑगस्टच्या दमट रात्री पंख्याखाली मान ओलसर होणं वेगळं आणि उठून गाउन, उशीचा अभ्रा बदलावा लागेल इतकं भिजणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं झालं तर तारखेनिशी लिहून ठेवा. मला संध्याकाळी सहाच्या सुमारास बारीक कणकण यायची. ती मी आधी भीतीची समजत होते. थर्मामीटर लावला तर चार दिवस सलग ९९.८ ते १००.२. हे लिहून ठेवल्याचा पुढे उपयोग झाला. म्हणून सांगते, लक्षणांकडे दुर्लक्ष करायचं नाही. दिवसातून एकदा नोंद करायची आणि वही मिटायची.

चार वाजता

मला सगळ्यांत जास्त ज्याने तारलं ते हे. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, काळजीला दिवसातली एक वेळ द्या. अर्धा तास, रोज तीच, झोपण्याच्या आसपासची नको. बाकी वेळी विचार आला की त्याच्याशी भांडायचं नाही. वहीत एक ओळ लिहायची आणि त्याला सांगायचं, चार वाजता ये.

हे ऐकायला फार साधं वाटतं. नंतर वाचताना कळलं की अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत लोकांवर वापरून तपासली होती. मला ती पटायला वेळ लागला नाही, कारण माझं दुकान त्यावरच चालतं. श्रावणात दिवसाला दहा बायका येतात, प्रत्येकीला वाटतं आपला ब्लाउज आत्ता बघावा. प्रत्येकीसाठी मशीन थांबवलं तर एकही ब्लाउज पुरा होणार नाही. म्हणून ऑर्डरच्या वहीत नाव, माप, ट्रायलची तारीख. तारीख मिळाली की बाई शांतपणे घरी जाते. ती विसरलेली नसते, तिची नोंद झालेली असते. डोक्यात येणाऱ्या विचाराचंही तसंच आहे. त्याला हाकललं तर तो दार ठोठावत बसतो. त्याची नोंद झाली की पुष्कळदा जातो.

दुकान दोन ते साडेचार बंद असतं. चार वाजता चहाचा कप घेऊन मी मागच्या गॅलरीत स्टुलावर बसायचे. मशीनपाशी नाही, पलंगावर नाही. त्या जागा मला कामाला आणि झोपेला हव्या होत्या. ऑर्डरच्या वहीची मागची पानं उघडायची आणि सकाळपासूनच्या ओळी वाचायच्या. "कॅन्सर असेल तर?" "मुलाची बारावी." "गौरीचे ब्लाउज कोण पुरे करणार?" "पैसे." "आईला कसं सांगू?" पहिल्या दिवशी सतरा ओळी होत्या. वाचताना अर्ध्या शिळ्या झालेल्या असायच्या. सकाळी नऊला ज्या विचाराने हात कापत होते तो चार वाजता नुसता शाईतला शब्द असायचा. ज्या उरायच्या त्यांना एकच प्रश्न विचारायचा, आज याबद्दल काही करता येतं का? पैशांबद्दल करता येत होतं. मेडिक्लेमचे कागद शोधले, कंपनीच्या पॉलिसीत बायकोचं नाव आहे हे ह्यांच्याकडून बघून घेतलं. गौरीच्या ब्लाउजांबद्दल करता येत होतं. पाच ऑर्डरी शेजारच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडे दिल्या. "कॅन्सर असेल तर?" याबद्दल आज काही करता येत नव्हतं. जे करायचं ते १३ तारखेला, सुईच्या तपासणीच्या दिवशी, होणार होतं. तिथे मी तारीख लिहायचे, ट्रायलची लिहिते तशी.

साडेचारला उठायचंच. भीती संपलेली नसली तरी. दुकानाचं शटर वर करायचं. नोकरी करणाऱ्यांनी परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर तो अर्धा तास घ्यावा. आमच्या सोसायटीतली एक मुलगी ऐरोलीला जाते, ती ट्रान्स-हार्बरच्या गाडीत असं करते, अगदी दुसऱ्या कारणासाठी.

विचार चारला येतो म्हणाला आणि साडेनऊलाच छातीवर बसला, असंही होतं. हात थंड, छाती धडधडते, घशात काही अडकलं आहे असं वाटतं, आणि मग "गाठ गळा दाबतेय" ही नवी भीती. अशा वेळी माझं जुनं पायमशीन उपयोगी पडलं. सुईतून दोरा काढून टाकायचा आणि नुसता पायटा हलवायचा. चार वेळा हलवेपर्यंत श्वास आत, आठ वेळा हलवेपर्यंत बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, इतकंच लक्षात ठेवायचं. दहा-बारा श्वासांत धडधड उतरते. मशीन नसेल तर चालताना पावलं मोजा. मी सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारायचे, चार पावलं आत, आठ पावलं बाहेर. पावसात छत्री घेऊनही जायचे. तिथे रोजच्या दिसणाऱ्या माणसांना माझ्या गाठीबद्दल काही माहीत नव्हतं, आणि तेही मला हवं होतं.

रात्री जाग आली तर वीस मिनिटांपेक्षा जास्त पडून राहू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, हा नियम पहिल्याच रात्री करा. उठा, मंद दिवा लावा, हातांना काहीतरी द्या, झोप आली की परत जा.

माणसं

किती जणांना सांगायचं? मी आधी गिऱ्हाइकांनाही सांगत सुटले होते. त्यांनी प्रेमानेच उत्तरं दिली. कुणाच्या नणंदेला अशीच गाठ होती आणि ती सहा महिन्यांत वारली. कुणाच्या सासऱ्यांना अशीच होती आणि काहीच निघालं नाही. कुणी लेप सांगितला, कुणी शेक. एकीने उरलेल्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. लेप, शेक, चोळणं यांतलं काही करू नका. घरात उरलेली अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडची गोळी तर अजिबात नको. स्टेरॉइडने गाठ तात्पुरती बसू शकते आणि खरा आजार झाकला जाऊन तपासणीत सापडत नाही. हे मला सुई घालणाऱ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

मग मी तीन माणसं ठरवली. आमचे हे, डोंबिवलीची माझी मोठी जाऊ आणि एक मैत्रीण. बाकीच्यांसाठी एकच वाक्य, "तपासण्या चालू आहेत, निकाल आला की सांगते." ते म्हणून झालं की लगेच विषय मापाकडे न्यायचा. मुलालाही सांगितलं, थोडक्यात आणि खरं. आईची सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी आहे, अजून काही कळलेलं नाही, कळलं की तुला सांगू. मुलांपासून लपवलं तर ती दाराआडून ऐकतात आणि ऐकलेलं मोठं करतात.

घरच्यांना एक अवघड गोष्ट सांगावी लागते. मी ह्यांना दिवसातून दहा वेळा विचारायचे, "काही नसेल ना हो?" ते म्हणायचे, "काही नाही होणार." दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग परत विचारावंसं वाटायचं, आधीपेक्षा जास्त. हा धीर खाजेसारखा असतो. खाजवलं की क्षणभर थंड वाटतं आणि मग आग वाढते. आणि त्यांनाही माहीत नव्हतं ना, ते तरी कुठून सांगणार? म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की मी विचारलं तर ते उत्तर देणार नाहीत. म्हणतील, "आत्ता अंगणात चल," किंवा "चार वाजता बोल त्याच्याशी." पहिल्या दिवशी मला त्यांचा राग आला. त्यांनाही ते जड गेलं, गप्प राहताना त्यांचा चेहरा मी बघत होते. तिसऱ्या दिवसापर्यंत माझं विचारणं दोन-तीन वेळांवर आलं. तुमच्याजवळचं कुणी वाट बघत असेल तर धीराचं वाक्य कमी द्या आणि सोबत जास्त द्या. दवाखान्यात बरोबर जा, बाहेर बाकावर बसा, येताना भाजी घ्या.

सुई आणि रिपोर्ट

१३ तारखेच्या सुईची मला सगळ्यांत जास्त भीती होती, आणि मी रोज सुईतच जगते. खांद्याखाली उशी देऊन मान मागे घेतात. सुई इंजेक्शनच्या सुईएवढीच किंवा त्याहून बारीक असते. आत गेल्यावर काही सेकंद पुढेमागे हलवतात, ते विचित्र वाटतं, पण दुखणं दाताच्या इंजेक्शनपेक्षा कमी. माझ्या गाठीत दोनदा घातली. मग काचपट्ट्यांवर थेंब पसरवतात आणि तुम्ही कापूस दाबून पाच-दहा मिनिटं बसता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. सुईने आजार पसरतो असं मलाही दोघींनी सांगितलं होतं. मी तिथेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं होणं अत्यंत विरळ आहे, आणि न तपासण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

एक गोष्ट मात्र आपण होऊन विचारा, कारण ती राहून जाते. "यातलं थोडं टीबीच्या तपासणीला पाठवणार का?" आपल्याकडे मानेच्या गाठींचं टीबी हे मोठं कारण आहे. सीबीनॅट नावाच्या तपासणीत तो सापडतो आणि यंत्रात दोन तासांत उत्तर येतं. पण नमुना सगळा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवायच्या रसायनात, टाकला तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करता येत नाही. पुढे गाठ काढून बायोप्सी करायची वेळ आली तरी हेच विचारायचं, एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवणार का. मला माझ्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी आधीच चिठ्ठीवर लिहून दिलं होतं म्हणून ते झालं.

रिपोर्ट आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, रात्री दहालाही येतात. आधीच ठरवून ठेवा, कोण उघडणार आणि कुठे. सोनोग्राफीचा कागद रिक्षात वाचून माझं जे झालं त्यानंतर मी प्रयोगशाळेत ह्यांचा नंबर दिला. आमचं ठरलं की कागद डॉक्टरांसमोरच उघडायचा. रिपोर्टची भाषा रुग्णासाठी लिहिलेली नसते. "सजेस्टिव्ह ऑफ" म्हणजे तसं वाटतं, खात्री झालेली नाही. "क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी जुळवून बघावं. "रिअ‍ॅक्टिव्ह" म्हणजे ग्रंथी कशाला तरी तोंड देते आहे, तिच्यात वाईट पेशी दिसल्या नाहीत. "हायलम दिसत नाही" याने मी तीन रात्री घालवल्या. ते कॅन्सरमध्ये होतं आणि टीबीतही होतं. आणि "नमुना अपुरा" आला तर ती वाईट बातमी नसते, सुई परत घालावी लागते एवढंच.

शनिवारी निकाल मिळेल असं मला सांगितलं होतं. १५ ऑगस्टची सुट्टी आली, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. सोमवारी पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि मंगळवारी, १९ तारखेला, ठाणे ते सीएसएमटी गाड्या बंद पडल्या. माझ्या काचपट्ट्या मुंबईत होत्या. सोमवारी मी प्रयोगशाळेत दोनदा फोन केला. पलीकडच्या मुलीने वैतागून "आला की पाठवू" म्हणून ठेवून दिला, आणि माझ्या डोक्यात आलं की वाईट आहे म्हणूनच सांगत नाहीत. असं सगळ्यांना वाटतं. उशीर होण्याची कारणं सुट्टी, पाऊस, माणसं कमी अशीच असतात. रिपोर्टची जी तारीख देतील तिच्यापुढे दोन दिवस स्वतःहून धरा आणि फोन दिवसातून एकदाच करा, ठरलेल्या वेळी. मंगळवारी त्या पावसात दुकानात कुणी आलं नाही. मी एका निळ्या पैठणीच्या ब्लाउजची बाही लावत बसले. मुंढा दोनदा उसवावा लागला. तिसऱ्यांदा उसवलं असतं तर रेशीम फाटलं असतं, म्हणून सुई ठेवली आणि चहा केला.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो. टीबी निघाला. जुन्या लोकांची गंडमाळ. मी अठरा दिवसांत शंभर प्रकारचे कॅन्सर वाचले होते, पण या शब्दापाशी मी एकदाही थांबले नव्हते, आणि माझ्या संध्याकाळच्या कणकणीचं कारण तेच होतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. फुप्फुसात नसेल तर गाठीचा टीबी माझ्यापासून घरात कुणाला लागत नाही, भांडी वेगळी करायची नाहीत. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात औषधं मोफत मिळतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. एचआयव्ही आणि साखर तपासायला सांगितलं की घाबरू नका, टीबीच्या प्रत्येक रुग्णाची तपासतात. गोळ्यांनी लघवी केशरी होते, तेही घाबरण्यासारखं नाही.

तुमचा निकाल दुसरा काही येईल. ज्यांचा "रिअ‍ॅक्टिव्ह" येतो त्यांनाही लगेच सुटका वाटत नाही, हे मी मैत्रिणीच्या बहिणीकडे बघितलं. तिला चार आठवड्यांनी परत दाखवायला सांगितलं होतं आणि ती रोज नवीन डॉक्टर शोधत होती. एका डॉक्टरांकडे, ठरलेल्या दिवशी, परत जा. निकाल आल्यावरही गाठ चाचपणं थांबत नसेल, जेवण-झोप-काम सुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्या भीतीवरच उपचार घ्या. ती वेगळी दुखते आणि वेगळी बरी होते. १४४१६ आहेच. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे.

मला चार वाजताचं स्टूल ऑक्टोबरात परत काढावं लागलं. गोळ्या नियमित चालू असताना, दुसऱ्या महिन्यात, गाठ अचानक फुगली. काही जणांमध्ये औषध लागू पडत असतानाही असं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी अंगुस्तान घातलं, वहीत तारीख लिहिली, दुसऱ्या दिवशी केंद्रात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, दोन आठवड्यांनी या. ते दोन आठवडेही काढले. फेब्रुवारीत गोळ्या संपल्या. वाटाण्याएवढी गाठ अजून हाताला लागते, आणि ती तशी राहू शकते असं त्यांनी सांगितलं आहे.

वहीची ती पानं मी फाडलेली नाहीत. परवा एका बाईंचं जुनं माप शोधताना उलटी उघडली गेली. १३ ऑगस्टच्या पानावर लिहिलं आहे: "सुई दोनदा. वाटलं त्यापेक्षा कमी दुखलं. हे बाहेर बसले होते. येताना केळफूल घेतलं. निळ्या पैठणीचे हुक बाकी."